टाकी खाली

झोनल ऑफिस, दुसरा मजला.
पूर्वी या खोलीत जन्ममृत्यूच्या वह्या असत,
अजून कपाट उघडलं की वाळवीच्या औषधाची शिंक येते.
आता चार पडदे, एक एसी आणि ते.
साहेब त्याला सिस्टिम म्हणतात.
चहावाला गिरधारी म्हणतो, भियाजी.

इंदूर गाऱ्हाणं सांगतं, भियाजी ऐकतो,
हिंदीत लिहितो, खातं ठरवतो.
चुकला तर दुरुस्त करायला मी,
अकरा महिन्यांच्या करारावर.

पहिल्याच आठवड्यात रामबागेतून खांबेटे काकू:
"अहो, टाकीखाली गळून राहिलंय,
तीन दिवस झाले, भिंत फुगली."
भियाजीनं लिहिलं, टंकी खाली.
आणि टँकर पाठवला.
टँकरवाल्यानं टाकी काठोकाठ भरली,
काकूंची सही घेतली,
भिंत आणखी फुगली.

लोकमान्य नगरच्या डिंगोरकरांना गटाराचा वास येत होता.
वास म्हणजे निवास, असं धरून
भियाजीनं त्यांना घरकुल योजनेत घातलं.
त्यांना निरोप गेला:
उत्पन्नाचा दाखला आणि दोन फोटो.
डिंगोरकर फोटो काढून आले!
नाकाला रुमाल लावलेले.

मी शिकवलं त्याला.
शेऱ्याच्या चौकटीत लिहीत गेले,
हा वास नाकाचा, राहण्याचा नव्हे.
हे खाली म्हणजे रिकामं नव्हे, खाली म्हणजे खाली,
जिथे बादली ठेवतात तिथे.
आणि आमची मराठी तरी कुठे निखळ,
पोह्यांवर शेव घालावी
तशी आम्ही वाक्यावर हिंदी भुरभुरतो.
तेही शिकला.
दिवाळीपर्यंत तो
खांबेटे काकूंच्या नुसत्या "अहो"वरून नळखातं ओळखू लागला,
आणि मला, खरं सांगते,
पहिलीतल्या पोराचा पाढा ऐकावा तसं वाटलं.

भिंतीवर आलेख लावला होता.
दिवसाच्या चुका: दोनशे. नव्वद. चाळीस. नऊ.
मोठे साहेब आले, टाळ्या झाल्या,
सराफ्यातून पेढे आले.
मीही खाल्ला.
तो उतरत गेलेला पगार माझा होता
हे पेढा गिळल्यावर लक्षात आलं.

मग मार्च. पावणेपाच वाजलेले.
जुन्या इंदुरातून विश्राम हतवळणे, वय एकाहत्तर,
गल्लीच्या तोंडाशी खांबावरचा दिवा, तक्रार अकरावी.
नाव सांगितलं. खांबाचा नंबर सांगितला, पाठ होता.
मग थांबले.
मागे कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली.
पायरीचं काहीतरी म्हणाले, बायकोच्या पायाचं,
पुन्हा थांबले.
म्हणाले, "जाऊ दे."
फोन ठेवला.

भियाजीला एक सेकंद पुरला.
जाने दो. शिकायत वापस. नागरिक संतुष्ट.
हिरवा ठिपका.

शब्दाला शब्द बरोबर होता.
शुद्धलेखनसुद्धा.
मी यादी वर नेली, खाली आणली:
पाणी, वीज, गटार, मोकाट कुत्री, अन्य.
त्या जाऊ देला खातं नव्हतं.
शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, हे समाधान नव्हे.
चौकटीनं विचारलं, मग काय आहे?
कर्सर लुकलुकत राहिला,
त्या गल्लीतल्या दिव्यापेक्षा बरा.

मी हातानंच लाइट खात्याला चिठ्ठी लिहिली,
खांब एकशे चौदा, पायरी तुटकी, बाईचा पाय.
चिठ्ठी न्यायला आता शिपाई नाही.
घरी जाताना मीच देईन म्हटलं,
तर तिकडे खिडकीवर कुलूप
आणि कुलपावर पाटी: तक्रार फक्त फोनवर.

दुसऱ्या दिवशी गिरधारीनं कप ठेवत विचारलं,
"चारू दीदी, आपके काँट्रॅक्ट का क्या हुआ?"
मी पडद्याकडे बघितलं.
जे तोंडात आलं ते दोनच शब्दांचं होतं.
बरं झालं,
माझा माइक बंद होता.